पुरेसे झाले, आता पुढे काय?

(पंडित विष्णु नारायण भातखंडे : १८६०–१९३६)



गेल्या काही महिन्यांत आपल्या धर्मग्रामातील तीन-चार जण सेवानिवृत्त झाले. कुणी बँकेतून, कुणी रेल्वेतून, तर कुणी आखातातली नोकरी आटोपून कायमचे घरी परतले. घरभेटीसाठी आम्ही त्यांच्याकडे जातो तेव्हा सुरुवातीला आनंदाच्या गोष्टी होतात. फंड मिळाला, घराचे कर्ज फिटले, मुले आपापल्या पायावर उभी राहिली. मग चहा होतो, आणि आम्ही निघायला उठलो की दारापर्यंत सोडायला आलेला माणूस आवाज खाली आणून खरी गोष्ट सांगतो. पहिले दोन महिने मजेत गेले, आता सकाळी वर्तमानपत्र वाचून झाले की दिवस संपता संपत नाही. घरातल्यांना आपली अडचण होते की काय, असेही वाटू लागले आहे.

सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकत होतो तेव्हा स्वातंत्र्याविषयी बोलताना दोन प्रश्न विचारले जात. माणूस कशापासून मुक्त झाला, हा पहिला आणि कशासाठी मुक्त झाला, हा दुसरा. तेव्हा हा शब्दांचा खेळ वाटे. घरोघरी फिरल्यावर कळले की निवृत्त माणसाच्या दारात हे दोन्ही प्रश्न रोज उभे असतात. फंडाचा चेक पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोणतीही बँक देऊ शकत नाही.

म्हणून या रविवारी आम्ही अशा एका माणसाचे जीवन आपल्यासमोर ठेवत आहोत, ज्याला दोन्ही प्रश्नांची उत्तरे सापडली. हा माणूस आपल्या मुंबईतलाच. फणसवाडीतून निघून चौपाटीच्या कडेने चालत गेले तर तासाभरात जिथे पोहोचता येते, त्या वाळकेश्वरला तो जन्मला. आपल्या गायनवृंदाच्या वहीत सा रे ग म लिहिताना कोमल स्वराखाली आडवी रेघ मारतात आणि वरच्या सप्तकातील स्वराच्या डोक्यावर टिंब देतात. ही लिहिण्याची पद्धत ज्यांनी घराघरांत पोहोचवली, ते पंडित विष्णु नारायण भातखंडे. ते पेशाने गवई नव्हते, वकील होते.

वकिली आणि सतार

भातखंडे यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी झाला. तो गोकुळाष्टमीचा दिवस होता. घरची परिस्थिती मध्यम होती. त्या काळच्या सुशिक्षित घरांत गाणे ऐकायला चालत असे, पण मुलाने गाण्यावर पोट भरावे असे कुणालाही वाटत नसे. लहानपणी ते बासरी वाजवत, पुढे सतार शिकले. शाळा, कॉलेज आणि सतार असे तिन्ही एकाच वेळी चालू होते. एल्फिन्स्टन कॉलेजातून १८८५ साली ते बी. ए. झाले आणि १८८७ साली कायद्याची पदवी घेतली. काही काळ कराचीत वकिली केली आणि मग मुंबईत परत येऊन येथेच जम बसवला.

कॉलेजात असतानाच, १८८४ साली, ते गायन उत्तेजक मंडळीत दाखल झाले. ही संस्था मुंबईतील पारशी मंडळींनी १८७० साली काढली होती. तेथे चांगले गवई येत आणि हौशी लोकांना शिकवत. भातखंडे यांनी रावजीबुवा बेलबागकर यांच्याकडे ध्रुपद आणि अली हुसेन खाँ यांच्याकडे ख्याल शिकला. दिवसा कोर्ट आणि संध्याकाळी मंडळी, असा क्रम वर्षानुवर्षे चालला.

येथे आम्हांला थोडे थांबावेसे वाटते. निवृत्त झालो की अमुक करीन, असे आपण पुष्कळदा म्हणतो. बागकाम करीन, वाचन करीन, मुलांना शिकवीन. पण तीस-पस्तीस वर्षे ज्या गोष्टीला हात लावला नाही, ती साठाव्या वर्षी एकदम हाती येत नाही. भातखंडे यांनी वकिली सोडली तेव्हा सुमारे पंचवीस वर्षांचा अभ्यास त्यांच्या पाठीशी होता. ज्या कामासाठी त्यांना मोकळे व्हायचे होते, ते काम नोकरीधंद्याच्या धबडग्यातच त्यांनी हाती घेतलेले होते.

घर रिकामे झाले

१९०० साली त्यांच्या पत्नीचे निधन झाले. तीन वर्षांनी, १९०३ साली, त्यांची एकुलती एक मुलगीही गेली. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी हा माणूस घरात एकटा उरला. त्यांच्या मनात त्या दिवसांत काय चालले असेल याचा अंदाज आम्ही करत बसणार नाही. आपल्यापैकी ज्यांच्यावर असा प्रसंग आला आहे, त्यांना ते सांगण्याची गरज नाही. पुढे त्यांनी काय केले, ते मात्र आपल्याला ठाऊक आहे. १९०४ साली ते दक्षिण हिंदुस्थानच्या प्रवासाला निघाले.

एकट्या माणसाच्या गरजा थोड्या. साधेपणाने राहायला पुरेल इतके गाठीशी जमले होते. वकिली चालू ठेवली असती तर आणखी पैसा, आणखी मान मिळाला असता. त्यांनी ती हळूहळू आवरती घेतली आणि १९१० च्या सुमारास, पन्नाशीला पोहोचताना, कायमची सोडली. पुरेसे म्हणजे किती, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःशीच सोडवायचा असतो. पुष्कळांच्या बाबतीत तो कधीच सुटत नाही, कारण आकडा दरवर्षी पुढे सरकतो. भातखंडे यांचा आकडा पुढे सरकला नाही. पैसा कशासाठी हवा हे त्यांना आधीच ठाऊक होते, आणि ते काम त्यांची वाट पाहत होते.

प्रश्नांची यादी घेतलेला प्रवासी

ते काम कोणते होते, हे थोडक्यात समजून घेऊ. त्या काळी उत्तर हिंदुस्थानातील संगीत घराण्यांच्या ताब्यात होते. गुरूच्या मनात आले तर तो शिष्याला चीज देई. पुष्कळदा चांगली चीज मुलासाठी किंवा जावयासाठी राखून ठेवली जाई. लिहून ठेवण्याची प्रथा फारशी नव्हती, त्यामुळे एखादा म्हातारा उस्ताद वारला की त्याच्याबरोबर त्याच्या चिजाही जात. एकच राग दोन घराण्यांत दोन तऱ्हांनी गायला जाई, आणि बरोबर काय हे विचारले तर दोघेही आपापल्या वाडवडिलांचे नाव सांगत. दुसरीकडे संगीत रत्नाकरासारखे जुने संस्कृत ग्रंथ होते. तेराव्या शतकातील त्या ग्रंथात लिहिलेले आणि प्रत्यक्ष मैफलीत ऐकू येणारे यांचा मेळ बसत नव्हता.

भातखंडे यांनी वकिलाची पद्धत वापरली. साक्षीदार शोधायचे, त्यांना प्रश्न विचारायचे, उत्तरे लिहून घ्यायची आणि कागदपत्रांशी ताडून पाहायची. १९०४ च्या दौऱ्यात ते मद्रास, तंजावर, मदुरा, रामेश्वर अशा ठिकाणी गेले. एट्टयपुरम येथे कर्नाटक संगीताचे थोर जाणकार सुब्बराम दीक्षितर यांना भेटले. १९०७ साली नागपूर, हैदराबाद, कलकत्ता, पुरी असा प्रवास झाला. १९०८-०९ मध्ये अलाहाबाद, काशी, लखनौ, आग्रा, दिल्ली, जयपूर, बिकानेर हे उत्तरेचे दौरे झाले. प्रवास आगगाडीचा, मुक्काम मिळेल तेथे. बरोबर प्रश्नांची यादी आणि रोजनिशी. संस्थानांच्या ग्रंथालयांत बसून ते जुन्या पोथ्या वाचत आणि त्यांच्या नकला मिळवत.

सगळीकडे स्वागत झाले असे नाही. हा मुंबईचा वकील आपल्या चिजा नेऊन छापणार, असा संशय अनेकांना येई, आणि तो अगदी चुकीचाही नव्हता. छापायच्याच होत्या, पण स्वतःच्या फायद्यासाठी नव्हे. जयपूरचे महंमद अली खाँ आणि त्यांचे चिरंजीव यांच्याकडून त्यांनी पुष्कळ चिजा मिळवल्या. रामपूर दरबारात तानसेनाच्या परंपरेतील वजीर खाँ होते. तेथील विद्या मिळावी म्हणून भातखंडे यांनी रामपूरचे नवाब हमीद अली खाँ यांचे शिष्यत्व पत्करले. तोपर्यंत त्यांची पन्नाशी उलटून गेली होती आणि ग्रंथकार म्हणून त्यांचे नाव झाले होते.

या प्रसंगाचा आम्हांला मोठा आधार वाटतो. कचेरीत पंचवीस वर्षे साहेब म्हणून वावरलेल्या माणसाला निवृत्तीनंतर सर्वांत जड काय जात असेल, तर पुन्हा विद्यार्थी होणे. मोबाइल कसा वापरायचा हे नातवाला विचारायलाही आपल्याला कमीपणा वाटतो. ज्या विद्येसाठी आयुष्य द्यायचे ठरवले, तिच्यासाठी भातखंडे यांनी शिष्य होण्यात कमीपणा मानला नाही.

दहा थाट आणि अठराशे चिजा

या साऱ्या खटपटीतून ग्रंथ तयार होऊ लागले. श्रीमल्लक्ष्यसंगीतम् हा त्यांचा संस्कृत ग्रंथ. त्यावर स्वतःचे नाव न घालता त्यांनी चतुरपंडित हे टोपणनाव घेतले. त्यानंतर मराठीतून हिंदुस्थानी संगीत पद्धती हा मोठा ग्रंथ आला. त्याचा पहिला भाग १९१० साली निघाला आणि चौथा १९३२ साली. म्हणजे या एका ग्रंथाला बावीस वर्षे लागली. गुरू आणि शिष्य यांच्या प्रश्नोत्तरांच्या रूपात तो लिहिला आहे. आपली प्रश्नोत्तरे लहानपणी पाठ केलेल्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल.

त्यांनी रागांची मांडणी दहा थाटांत केली. बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी. थाट म्हणजे सात स्वरांचा साचा. कोणता स्वर कोमल, कोणता तीव्र यावरून साचा ठरतो. उदाहरणार्थ, बिलावलमध्ये सारे स्वर शुद्ध असतात. त्यातला मध्यम तीव्र केला की कल्याण थाट होतो, आणि यमन त्यात बसतो. दक्षिणेत सतराव्या शतकात व्यंकटमखी यांनी बहात्तर मेळांची रचना केली होती. तिचा अभ्यास करून उत्तरेच्या प्रचारात असलेल्या रागांना पुरतील असे दहा थाट भातखंडे यांनी निवडले. सगळे राग या दहांत नीट बसत नाहीत, असा आक्षेप जाणकार घेतात, आणि त्यात तथ्य आहे. पण आजही संगीताचा विद्यार्थी पहिल्या वर्षी हेच दहा थाट शिकतो.

क्रमिक पुस्तक मालिकेच्या सहा भागांत त्यांनी सुमारे अठराशे चिजा स्वरलिपीसह छापल्या. ज्या चिजेसाठी पूर्वी गुरूच्या घरी वर्षानुवर्षे राबावे लागे, ती आता पुस्तकात मिळू लागली. पुस्तकावरून गाणे येत नाही हे खरेच. पण चीज हरवण्याची भीती गेली, आणि गिरगावच्या चाळीतल्या मुलीलाही ती शिकण्याची वाट मोकळी झाली.

लेखनाबरोबर संस्थांचे कामही चालू होते. १९१६ साली सयाजीराव गायकवाड महाराजांच्या आश्रयाखाली बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. पुढे दिल्ली, काशी आणि लखनौ येथे परिषदा झाल्या. ग्वाल्हेरला १९१८ साली माधव संगीत महाविद्यालय निघाले आणि लखनौला १९२६ साली मॅरिस कॉलेज. या दोन्ही शाळांचे अभ्यासक्रम त्यांच्याच पद्धतीवर बेतलेले होते. लखनौच्या कॉलेजला पुढे त्यांचे नाव मिळाले आणि आज ते विद्यापीठ आहे.

जे जमले नाही

थोर माणसाचे चरित्र सांगताना त्याच्या उणिवा झाकून ठेवणे आम्हांला बरे वाटत नाही. भातखंडे यांचा उस्तादांवर राग होता. शास्त्र न जाणणारे गवई म्हणून त्यांच्याविषयी त्यांनी कडक भाषेत लिहिले आहे. काही ठिकाणी ते लिखाण वाचताना वाईट वाटते. ज्यांना ते अडाणी समजत, त्यांच्याच गळ्यात ती विद्या शेकडो वर्षे जिवंत राहिली होती. त्यांनी गायिले नसते तर भातखंडे यांच्या वहीत लिहायला काही उरले नसते. शिकलेल्या निवृत्त माणसाने हे ध्यानात ठेवावे. समाजकार्यात उतरल्यावर आपल्याला सगळे कळते, असे वाटण्याचा मोह फार मोठा असतो.

संगीतासाठी एक राष्ट्रीय अकादमी असावी, असे त्यांचे मोठे स्वप्न होते. बडोद्याच्या परिषदेपासून त्यावर चर्चा झाली, पण त्यांच्या हयातीत ती झाली नाही. दिल्लीला संगीत नाटक अकादमी सुरू झाली ती १९५३ साली, त्यांच्या निधनानंतर सतरा वर्षांनी. हेतू असलेले जीवन म्हणजे सर्व हेतू पुरे झालेले जीवन, असे कुणी समजू नये.

त्यांच्याच काळात मुंबईत दुसरे एक विष्णू होते, विष्णु दिगंबर पलुसकर. त्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि १९०८ साली मुंबईत आणले. त्यासाठी मोठी इमारत उभारली, पण ती कर्जापायी पुढे लिलावात गेली. भातखंडे यांनी स्वतःच्या मालकीची इमारत उभारण्याच्या भानगडीत न पडता काम दुसऱ्यांच्या हाती सोपवले. संगीतावर दोघांचेही उपकार सारखेच मोठे आहेत. पण आपली थोडी शिल्लक घेऊन काही करू पाहणाऱ्या साध्या माणसाला भातखंडे यांचा मार्ग अधिक जवळचा वाटेल.

शेवटची तीन वर्षे

१९३३ साली त्यांना अर्धांगवायू झाला आणि मांडीचे हाडही मोडले. हिंदुस्थानभर फिरलेला हा माणूस अंथरुणाला खिळला. १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेश चतुर्थीला, मुंबईत त्यांचे निधन झाले. गिरगावात घरोघरी गणपती येत असतील, त्याच दिवशी. क्रमिक पुस्तकांचे शेवटचे भाग त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाले.

पण काम थांबले नव्हते. मुंबईचाच एक मुलगा, श्रीकृष्ण रातंजनकर, लहान वयात त्यांच्याकडे शिकायला आला होता. त्यांनी त्याला केवळ स्वतःपाशी ठेवून घेतले नाही. तो बडोद्याला फैयाज खाँसाहेबांकडेही शिकला आणि गवई म्हणून तयार झाला. १९२८ पासून लखनौच्या कॉलेजची सूत्रे त्याच्याकडे आली. गुरू अंथरुणावर असताना शिष्य त्यांचे काम चालवत होता. मुलगी गमावलेल्या या माणसाची परंपरा अशी शेकडो मुलांच्या रूपाने पुढे गेली.

आपल्यासाठी

बंधू-भगिनींनो, भातखंडे यांना जे शक्य झाले ते प्रत्येकाला होईल, असे आम्ही म्हणत नाही. आपल्या धर्मग्रामात अशीही घरे आहेत जिथे पेन्शन नाही आणि सत्तरीतही काम सोडता येत नाही. घर सांभाळणाऱ्या आयाबहिणींना तर निवृत्तीचे वय कुणी लावूनच दिलेले नाही. त्यांच्यासमोर आम्ही फार बोलू नये. पण ज्यांच्या वाट्याला मोकळा वेळ आला आहे, त्यांच्यावर त्या वेळेचे काही देणे आहे, एवढे नक्की.

नोकरीला अजून दहा वर्षे असलेल्यांनी आजच एखादी गोष्ट हाती धरावी. आठवड्यातून एक संध्याकाळ पुरे. नुकतेच निवृत्त झालेल्यांनी कुणाचा तरी विद्यार्थी होऊन पाहावे, मग तो शिक्षक वयाने लहान का असेना. आणि ज्यांच्याकडे कसब आहे, त्यांनी ते स्वतःबरोबर नेऊ नये. आपल्या जुन्या मंडळींपैकी कुणाला शिवणकाम येते, कुणाला हिशेब येतो, कुणाला व्हायोलिन वाजवता येते. कुणाला जुन्या लग्नगीतांच्या चाली आठवतात, ज्या अजून कुणी लिहून घेतलेल्या नाहीत. त्या चाली आणखी किती वर्षे ऐकू येतील?

म्हणून आम्ही एक वही घेतली आहे. रविवारच्या मराठी मिस्सानंतर ती सभागृहातल्या टेबलावर ठेवलेली असेल. तिचे दोन भाग केले आहेत. मला अमुक येते, असे पहिल्या भागात लिहायचे आणि मला अमुक शिकायचे आहे, असे दुसऱ्या भागात. दोन्हीकडे नाव लिहिले तरी हरकत नाही. आम्ही स्वतः दुसऱ्या भागात पहिले नाव लिहिले आहे. आम्हांला पेटी शिकायची आहे, आणि शिकवणारा पाहिजे.